भाग्यश्रीचं नाक

छाया बँकेतून निवृत्त झाली तेव्हा तिला ना सत्यनारायण हवा होता ना साडी. तिला व्हिस्की कशी करतात ते बघायचं होतं. "वाइनबद्दल नाशिकात शेंबडं पोरही बोलतं," ती म्हणाली. म्हणून शनिवारी दुपारी आम्ही तिघी शाळेतल्या मैत्रिणी दिंडोरी रस्त्यावरच्या एका नव्या डिस्टिलरीत पोहोचलो. गाडी नजीरभाईंची, चालवायलाही तेच, कारण परत येताना कुणीतरी शुद्धीवर असणं गरजेचं होतं.

तिसरी भाग्यश्री. ती पंचवटीत घरी काळा मसाला करते आणि शहरातली मिसळीची बरीच हॉटेलं तिच्याच मसाल्यावर चालतात. शाळेत ती बंद डबा हुंगून आतली भाजी ओळखायची. कढईत खोबरं भाजताना ती घड्याळ बघत नाही, रंगही बघत नाही. वास आला की उतरवते. छायाने बेत केला तोही तिच्याच जिवावर. "भाग्यश्री सांगेल, आपण माना डोलवू." भाग्यश्री मात्र येत नव्हती. पित्त झालंय, ऑर्डर आहे, अमुक आहे, तमुक आहे. मी फोनवर झापलं तेव्हा कुठे तयार झाली.

आम्हाला फिरवायला कुंदन नावाचा तिशीतला माणूस होता. राहणार दिंडोरीचा, पण बोलणं असं की कालच लंडनहून उतरलाय. त्याने मोड आलेले सातू दाखवले, तांब्याचे भले मोठे हंडे दाखवले आणि शेवटी पिंपांच्या गोदामात नेलं. ही पिंपं म्हणे अमेरिकेहून येतात. तिकडे बर्बन नावाची मक्याची व्हिस्की करतात, ती नव्याच पिंपात ठेवायची असा कायदा आहे. एकदा वापरलेलं पिंप ते विकून टाकतात आणि इथले लोक घेतात. पिंप आतून जाळलेलं असतं, त्या जळक्या लाकडाचीच चव दारूत उतरते.

"म्हणजे यांचंही तुझ्यासारखंच, भाजण्यावर सगळं," छाया भाग्यश्रीला म्हणाली.

भाग्यश्री एका पिंपाला नाक लावून उभी होती. बराच वेळ. मला वाटलं, बाई रमली.

मग चव बघायला बसवलं. समोर छोटे छोटे ग्लास. आधी फक्त वास घ्यायचा, असं कुंदनने बजावलं. छायाने तरी बोट बुडवून चार थेंब जमिनीवर शिंपडलेच, तिचा नवरा करतो तसं, आधी देवाला. मला पहिल्या ग्लासाला दारूचा वास आला आणि दुसऱ्यालाही दारूचाच. मी तसं सांगितलं तर कुंदनचं तोंड पडलं. तिसऱ्या ग्लासाला मात्र चहाचा वास आला, सरळ कोऱ्या चहाचा. मी बोलणार तेवढ्यात कुंदनने ओठांवर बोट ठेवलं.

भाग्यश्रीने तो ग्लास उजेडात धरला, फिरवला, डोळे मिटून नाकाशी नेला.

"हा सगळ्यात जुना," ती म्हणाली. "लाकूड छान उतरलंय. थोडी मनुका पण आहे."

कुंदनने टाळी वाजवली. "मॅडम, चहा आहे तो. रंगावर जाणारे सगळे फसतात."

छाया डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. भाग्यश्रीही हसली, पण उशिरा. मला कुंदनचा असा राग आला की विचारू नका. "पाहुण्यांना बोलावून चहा पाजता होय?" असं त्याला सुनावलंही. पण बोलता बोलता डोक्यात आलं, माझ्यासारखीच्या नाकालाही तो चहा कळला होता.

गाडीत बसल्यावर मी सरळच विचारलं, "भाग्ये, तुला वास येत नाही ना?"

ती खिडकीतून द्राक्षाच्या बागा बघत राहिली. "जानेवारीतल्या तापापासून नाही. डॉक्टर म्हणतात येईल. कधी ते सांगत नाहीत."

"आणि मसाला?"

"तुम्हाला चहाला बोलवते ना."

आता उलगडा झाला. हल्ली ती आम्हाला सारखी चहाला बोलवायची, नेमकी मसाला भाजायच्या दिवशी, आणि मधेच विचारायची, "वास कसा येतोय गं?" आम्ही कप हातात धरून म्हणायचो, "मस्त."

"मागचा घाणा करपला," ती म्हणाली. "जिभेला कडू कळतं, पण तोवर उशीर झालेला असतो. हॉटेलवाले म्हणाले, ताई, पुन्हा असं झालं तर दुसरीकडून घेऊ. उद्याचा घाणा त्यांचाच आहे. तुम्ही तर मस्त म्हणाला होतात."

"अगं, तुझा चहा पिताना करपलंय असं कोण म्हणेल? आणि तुझ्या नाकापुढे मी कोण सांगणारी? काळ्या मसाल्याचा वास असाच येत असेल म्हटलं. सांगायचं नाहीस का आम्हाला?"

"सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या पंचवटीला कळलं असतं," ती म्हणाली आणि छायाकडे बघितलं. छायाने ते नाकारलं नाही. मग भाग्यश्री रडायला लागली आणि नजीरभाईंनी न सांगता गाडीचा वेग कमी केला. मला तिचं फार वाईट वाटलं, आणि तितकाच रागही आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या कढईपाशी स्टूल घेऊन बसले. चहा नाही म्हणून तिने आधीच सांगून टाकलं होतं.

"कसा येतोय?"

"छान."

तिने उलथनं आपटलं. "चैताली, छान हा वास नाही."

मी पुन्हा नाक पुढे केलं. "लाडवाला खोबरं भाजतो ना, तसा."

ती हलवत राहिली. "आता?"

"तेलकट. देवापुढचा दिवा विझवल्यावर येतो तसा."

"आता?"

मला शब्द सापडेना. खोबरं तडतडत होतं, ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "लहानपणी आपण होळीतला नारळ ओढून काढायचो बघ," मी म्हणाले. "करवंटी फोडल्यावर त्याची जी काळी कड असायची, तिचा."

तिचा हात थांबला. "गोड?"

"गोडच. पण बिघडायच्या बेतात."

तिने गॅस बंद केला, कढई उतरवली. एक तुकडा फुंकून तोंडात टाकला आणि हळूहळू चावला. कडू नव्हता.

"आठवला गं," ती म्हणाली. डोळे पुसले आणि धण्यांचा डबा माझ्याकडे सरकवला.