म्युरिएलचं खातं

“कोट काढा आधी. घरात कोट घालून बसतं का कुणी?”

“तू काढ की तुझा,” विल्फ म्हणाले.

मी नाही काढला. काढवेनाच. जानेवारीतली दुपार, बाहेर रस्त्यावर बर्फाचा चिखल, आणि खरं सांगते, त्या घरात शिरल्यावर बाहेर बरं होतं असं वाटलं. बोलताना तोंडातून वाफा निघत होत्या. माझे शेजारी विल्फ हॅस्लम, वय एक्क्याऐंशी, डोक्यावर टोपी, गळ्याला मफलर, मांडीवर गरम पाण्याची पिशवी. ती पिशवीही गार झालेली. समोरच्या खुर्चीवर त्यांच्या बायकोचं, म्युरिएलचं, निळं लोकरीचं कार्डिगन व्यवस्थित घडी करून ठेवलेलं होतं. ती गेल्या ईस्टरला गेली. कार्डिगन तिथून हललं नव्हतं.

मी सूप गरम करून आणलं. “डॉक्टर काय म्हणाले होते? पाठ आहे ना?”

“पाठ आहे.”

“म्हणा.”

“नोरीन, तू शाळेत स्वयंपाक करतेस की शिकवतेस?”

हसण्यावारी नेण्यासारखं ते काही नव्हतं. डिसेंबरात त्यांची छाती भरली आणि नाताळ इस्पितळात काढावा लागला. सोडताना डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावलं होतं, घर उबदार ठेवा. पुन्हा असे आलात तर इथून घरी नाही, वृद्धाश्रमात पाठवावं लागेल. आमच्या गल्लीतून त्या वृद्धाश्रमात गेलेलं माणूस परत आलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

“मग हीटिंग का बंद?”

“बिल बघितलंस का? दुप्पट झालंय.”

“सगळ्यांचंच झालंय. म्हणून तर सरकार घरटी चारशे पौंड देतंय, दर महिन्याला थोडे थोडे. माझा बिलाचा हप्ता ऑक्टोबरपासून कमी झाला की.”

“माझा नाही झाला. पुरा जातो.” त्यांनी चमचा वाटीत फिरवला. “विसरले असतील मला. होतं असं.”

“होतं असं? अहो, फोन करून झापायचं ना कंपनीला!”

“केला होता. त्यांना म्युरिएलशी बोलायचं असतं. बिल तिच्या नावावर आहे ना.”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“म्हटलं, आत्ता घरात नाही.”

मी कपाळावर हात मारून घेतला.

विल्फना ओळखायचं तर आमच्या खोऱ्यातली जुनी रीत माहीत हवी. इथे पूर्वी सगळे घरात घालायच्या सपातांच्या कारखान्यात. शुक्रवारी पगाराचं पाकीट मिळायचं, आणि चांगल्या घरातला पुरुष ते न फोडता बायकोच्या हातात द्यायचा. पाकीट वाटेत फोडणाऱ्याची दारूच्या गुत्त्यातसुद्धा टर उडवायचे. बायको त्यातून घर चालवायची आणि नवऱ्याला वरखर्चाला एक नोट परत द्यायची. विल्फनी जन्मभर सपातांचे तळवे कापले, पण पाकीट म्हणून कधी फोडलं नाही. माझी आई वडिलांना टोमणे मारायची, शिका जरा त्या हॅस्लमकडून.

कारखाना बंद पडला, पाकिटं गेली, पण रीत काही सुटली नाही. पहिल्या तारखेला विल्फ टाय लावायचे, पोस्टातून पेन्शन काढायचे, पाकिटात घालून चिकटवायचे आणि बँकेत जाऊन म्युरिएलच्या खात्यात भरायचे. वीज, गॅस, पाणी, सगळं त्याच खात्यातून आपोआप जायचं. ती गेल्यानंतरही ते दर पहिल्या तारखेला टाय लावून निघत. मी खिडकीतून बघायची. बरं वाटायचं मला, माणूस निदान घराबाहेर पडतंय म्हणून.

दुसऱ्या दिवशी शाळेत बटाटे सोलताना पॉलीनपाशी विषय काढला. पॉलीन माझ्यासारखीच स्वयंपाकघरातली, जिभेने माझ्याहून तिखट.

“विसरायला ते काय लग्नाचं आमंत्रण आहे?” ती म्हणाली. “अगं, प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. तुझ्या कंपनीने हप्ताच कमी केला. माझी कंपनी पूर्ण रक्कम उचलते आणि चार दिवसांनी सरकारचे पैसे परत पाठवते. मी आधी केवढी बोंब मारली होती, मग कळलं, आलेत की खात्यात!”

“कुठल्या खात्यात?”

“म्हणजे काय? ज्यातून उचलले, त्याच खात्यात.”

सोलाणं माझ्या हातात तसंच राहिलं. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. सरकार दर महिन्याला पैसे देत होतं आणि ते जाऊन पडत होते एका मेलेल्या बाईच्या खात्यात. आणि जो माणूस ते खातं भरत होता, तो इकडे टोपी घालून झोपत होता. मला रडू यावं की राग यावा, कळेना. राग आला.

संध्याकाळी तशीच त्यांच्याकडे गेले. “विल्फ, कुणी विसरलेलं नाही तुम्हाला. पैसे आलेत. म्युरिएलच्या खात्यात पडून आहेत.”

त्यांनी मांडीवरची पिशवी नीट केली. मग म्हणाले, “मग तिचेच झाले ते.”

“अहो, ती—”

“म्हणू नकोस.” आवाज चढला नव्हता त्यांचा. “या घरात तो शब्द मी कुणाला बोलू दिलेला नाही.”

“बँकेत बोलावा लागेल. तिथे सांगितल्याशिवाय ते तुम्हाला एक पेनी देणार नाहीत.”

“सांगितलं की खातं बंद करतात. मग मी द्यायचे कुणाकडे?”

मला आधी वाटलं, म्हातारा पैशांचं बोलतोय. मग लक्षात आलं, पैशांचंच बोलतोय, पण ते हातात द्यायला कुणी उरत नाही म्हणून. तेवढ्यात त्यांना खोकल्याची उबळ आली. थांबेचना. मी पाठ चोळत राहिले, कोटावरूनही बरगड्या हाताला लागत होत्या. माझी जीभ सुटली.

“गारठून आडवे व्हा आणि जा त्या वृद्धाश्रमात! हे घर भाड्याचं आहे, विल्फ. आठवड्यात रिकामं करतील. ती खुर्ची कुठे जाईल माहितीये? कचऱ्याच्या गाडीत. कार्डिगनसकट!”

बोलून गेले. लागेल असंच बोलले होते, आणि लागलं. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं.

“उद्या शाळा किती वाजता सुटते तुझी?” त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा ते टाय लावून दारात उभे होते. पहिली तारीख नव्हती, तरी.

बँकेत आता एकच खिडकी उरली आहे. तिथे ताहिरा बसते. आमच्याच शाळेत शिकलेली, माझ्या हातचं कस्टर्ड खाऊन मोठी झालेली. विल्फना बघून ती हसली. “मिस्टर हॅस्लम, या महिन्यात दोनदा?”

“बाळ, म्युरिएलच्या खात्यात वीज कंपनीकडून काही आलंय का, ते बघायचं होतं.”

तिचं हसू जरा आवरलं गेलं. “ते मला फक्त त्यांनाच सांगता येतं. त्यांना घेऊन येता येईल का? किंवा फोनवर—”

“नाही. ती येणार नाही.”

“बरं नाहीये का त्यांना?”

मागे एक बाई पिशव्या घेऊन खोळंबली होती. मला राहवेना, मी तोंड उघडलं. विल्फनी न बघता माझ्या मनगटावर हात ठेवला. बर्फासारखा गार हात. 

“वारली ती,” ते म्हणाले. “माझी बायको वारली.”

मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक कागद काढला आणि काचेखालून सरकवला. मृत्यूचा दाखला. घड्या झिजून तो चार ठिकाणी फाटायला आला होता.

“हा तुमच्याजवळच होता?” मी विचारलं.

“दर वेळी आणतो. रांगेत उभा राहतो, म्हणतो, आज देऊ.” त्यांनी नाक पुसलं. “मग ही पोरगी विचारते, मिसेस हॅस्लमच्या खात्यात ना? महिन्याभरात तिचं नाव घेणारं तेवढंच एक माणूस. मग मी पैसे भरून परत जातो.”

ताहिराने दाखला दोन्ही हातांनी सरळ केला. तिचे डोळे भरले होते, पण कामाची पोरगी, काम करत राहिली. हो, म्हणाली, ऑक्टोबरपासूनचे सगळे पैसे आहेत, ते तुम्हालाच मिळतील. हे खातं आता बंद होईल. वीज कंपनीला तुमच्या नावाने कळवू, यापुढे हप्ता थेट तुमच्या पेन्शनच्या खात्यातून जाईल आणि सरकारचा वाटा तिथेच परत येईल. तुम्हाला काहीच करावं लागणार नाही, अगदी इथे यावंसुद्धा लागणार नाही.

“यावंसुद्धा लागणार नाही,” विल्फ म्हणाले.

“नाही ना. सोपं झालं.”

त्यांनी तिचे आभार मानले. घरी येऊन मी स्वतः हीटिंग लावलं. पाइप कुरकुरले, धुळीचा जळका वास आला आणि हळूहळू खोली माणसात आली. विल्फनी मफलर काढला, मग टोपी काढली. कोट काढायला मात्र त्यांना बराच वेळ लागला.

खोकला कमी झाला. डॉक्टर खूश झाले. वृद्धाश्रमाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. मी पॉलीनला म्हटलंसुद्धा, चला, एक काम मार्गी लागलं.

पहिली तारीख आली. मी भांडी घासत होते, दार वाजलं. विल्फ. टाय लावलेला, बूट चकचकीत, हातात चिकटवलेलं पाकीट. हप्ता त्यांच्या खात्यातून गेलेला होता, उरलेली पेन्शन त्यांनी पोस्टातून काढून आणली होती.

“हे ठेव,” ते म्हणाले.

“अहो, मी काय तुमची—” मी बोलायला लागले आणि त्यांच्या हाताकडे माझं लक्ष गेलं.  तो हात तसाच पुढे राहिला.

मी ओले हात ॲप्रनला पुसले. पाकीट घेतलं, त्यांच्यासमोर फोडलं, वीसची एक नोट काढून त्यांना दिली. “हे तुमच्या वरखर्चाला. बाकीचं लागेल तसं मागून न्या.”

त्यांनी नोट न बघता वरच्या खिशात घातली. मग पुन्हा काढून बघितली.

“ती दहाच द्यायची.”

“महागाई वाढलीये, विल्फ.”

“हो, तेही आहे,” ते म्हणाले आणि वळले.

मी दारातून बघत राहिले. त्यांच्या घराच्या काचा आतल्या उबेने धूसर झाल्या होत्या. दार उघडून ते पायपुसण्यावर थांबले आणि बूट पुसू लागले, आधी एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. आत चिखल आणलेला म्युरिएलला खपत नसे.