खिडकी क्रमांक चारचा कौल

नको असलेलं सत्य माणसावर लादू नये, हे त्या इस्पितळाने जनतेचा कौल घेऊन ठरवलं होतं. जनतेचा कौल म्हणजे खिडकी क्रमांक चारवरचा कारकून.

जनुकांच्या तपासणीला रक्त द्यायला येणाऱ्याच्या फॉर्मवर नववा प्रश्न होता: ज्यासाठी तपासतोय त्याहून वेगळंच काही सापडलं, तर तुम्हाला सांगायचं का? 'नाही' म्हटलं की एका खुणेत काम भागायचं. 'हो' म्हटलं की कपाटातला गठ्ठा सोडा, जोडफॉर्म काढा, पेशंटला समजावून सांगा, तीन सह्या घ्या. तोवर रांगेतले लोक काचेवर टकटक करायला लागणार. म्हणून कारकून काही न विचारता 'नाही'वर खूण करायचा आणि कागद सहीला पुढे सरकवायचा. चार वर्षांत गठ्ठ्याची दोरीसुद्धा सुटली नव्हती. त्याची थोरली बहीण डोळ्यांच्या आनुवंशिक दुखण्यासाठी आली, तेव्हा तर त्याने तिला रांगेतही उभं राहू दिलं नाही. घरचं माणूस, तिचा फॉर्म सगळ्यांच्या आधी उरकला.

दोन वर्षांनी ताईच्या आतड्यात गाठ निघाली. पसरलेली. डॉक्टरीणबाईंनी जुनी फाइल उघडली. हा धोका तेव्हाच दिसला होता, त्या म्हणाल्या, दरवर्षी तपासत राहिलो असतो तर मटाराएवढी असतानाच काढली असती. पण पेशंटनेच नको म्हटलेलं. शंभरातले शंभर नकोच म्हणतात. इतका एकमुखी कौल कुठेच मिळाला नव्हता, इस्पितळाचा अहवाल वाचला तेव्हा डॉक्टरांच्या परिषदेत टाळ्या पडल्या होत्या.

ताई त्या खुणेकडे बघत राहिली.

"छोट्या, मी नको म्हटलं होतं?"

बावन्न वर्षांचा छोट्या खिशातल्या पेनाचं टोपण घट्ट बसलंय की नाही ते चाचपत होता. "सही तुझीच आहे ना, ताई."

"आहे खरी. माझंच डोकं फिरलं असेल." मग ती म्हणाली, "तू तरी थांबवायचंस रे मला."

निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, सख्ख्या भावानेही रक्त तपासून घ्यावं.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडायच्या आधी कारकुनाने स्वतःचा फॉर्म भरला. नवव्या प्रश्नाला 'हो'वर खूण केली, दोनदा गिरवली. कपाटातला जोडफॉर्मचा गठ्ठा काढून दोरी कापली.

आत रजेचे कोरे अर्ज होते.