प्रयागबाईंच्या गालावरचा नंबर

अमोलच्या स्टुडिओचा फोटोंवरचा छाप म्हणजे सोनेरी मुकुट, त्याखाली गुलाबी अक्षरांत नाव आणि मोबाईल नंबर. तो स्क्रीनवर उघडला की नागसेनला नजर वळवावीशी वाटायची. तरी सक्करदऱ्याच्या त्या दुकानात बारा वर्षं फोटो दुरुस्त करायचं काम तोच करत होता.

पूर्वी छाप खाली कोपऱ्यात असे. दिवाळीनंतर मालकाचं, अमोलचं, डोकं फिरलं.

"कोपऱ्यात टाकलं तं लोकं कापून स्टेटसवर ठेवते गा. मधात टाक. डायरेक्ट तोंडावर!"

नागसेनने मान डोलावली. 'नाही' म्हणणं त्याला कधी जमलंच नव्हतं. मेघा नावाच्या गिऱ्हाइकाच्या मुलीच्या लग्नाच्या अकराशे फोटोंवर त्याने एका बटणात छाप मारला, पण ते वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचे सोडून त्याच नावांनी सेव्ह केले. मूळ फोटो पुसले गेले. हे लक्षात आलं तोवर कॅमेऱ्याची कार्डंही पुढच्या लग्नासाठी कोरी झाली होती. त्याने हे कुणाला सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी मेघा आली. डोळे सुजलेले.

"भाऊ, माय गेली. उद्या विहारात तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम हाये. लग्नातला तिचा एकटीचा फोटो बिना छापाचा द्या. दुसरा धड फोटोच नाही तिचा."

स्क्रीनवर मेघाची आई, प्रयागबाई, हसत होत्या. कपाळावर मुकुट, गालांवरून नंबर.

"त्यात काय!" अमोल म्हणाला. "सॉफ्टवेअरनं मिटवून टाक न."

नागसेनने मिटवला. जिथे छाप होता तिथे सॉफ्टवेअरने आपल्या मनाचं भरलं. गाल साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत झाले, कपाळावरचं गोंदण गेलं, बोळक्यात दातांची रांग उगवली.

"मस्त! वीस वर्षांनी लहान केली बुढीले!"

कुणाच्या उष्ट्या ताटात हात पडावा तसं नागसेनला झालं.

मेघा बघतच राहिली. "हे कोण होय? भाऊ, पहिलेचा असंल न तुमच्याजवळ?"

काहीतरी सांगून वाटेला लाव, अशी अमोलने डोळ्यांनी खूण केली. नागसेनने ती पाहिली.

"नाही ताई. माझ्याच हातानं पुसला गेला. तेव्हाच सांगाले पाहिजे होतं मी."

मेघाने त्या गुळगुळीत चेहऱ्यावरून नजर काढली.

"मंग छापवालाच द्या. त्यात माय तं आहे."

दुसऱ्या दिवशी नागसेन विहारात अगदी मागे बसला. मेणबत्त्यांच्या उजेडात फोटोवरचा मुकुट चमकत होता. त्याने मान वर केली नाही. वंदना संपली, लोक एकेक करून फुलं वाहू लागले. एका गृहस्थाने फूल वाहिलं, हात जोडले आणि तिथेच खिशातून मोबाईल काढला.

"आपल्या हर्षाचं लग्न हाये न मे महिन्यात," तो बायकोला म्हणाला आणि आकडे पुटपुटत फोटोवरचा नंबर उतरवू लागला. शेवटचे दोन आकडे फुलांखाली गेले होते. त्याने बोटाने फुलं बाजूला सारली.