घाट चढण्याआधी

ठिणगीनं विजेवर चालणारी पिकअप घेतली, तेव्हा तिचे वडील चार दिवस तिच्याशी धड बोलले नव्हते. ठिणगी हे नाव त्यांनीच ठेवलेलं. पोरगी वायरिंगची कामं घेऊ लागली तेव्हा कौतुकानं ठेवलं आणि तेच चिकटलं. ते स्वतः चाळीस वर्षं गॅरेजवाले. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. धुरानं आणि तेलाच्या वाफेनं फुप्फुसं पोखरली होती. आता नाकात नळी आणि शेजारी घुरघुरणारं ऑक्सिजनचं मशीन. पण इंजिनाबद्दलचं मत काही आजारी पडलं नव्हतं.

गाडी तशी निव्वळ बॅटरीची नव्हती. बॉनेटखाली पेट्रोलचं एक छोटं इंजिनही होतं. ते चाकं फिरवत नसे. बॅटरी उतरली की नुसती वीज तयार करून तिला पाजायचं, एवढंच त्याचं काम.

"म्हणजे बॅटरीही सांभाळा, आणि ऑइल, प्लग, फिल्टरही सांभाळा," मिस्त्री म्हणाले होते. "दोन घरचा पाहुणा उपाशी."

"बाबा, रोजची कामं घरच्या चार्जिंगवर होतात. लांब जायची वेळ आली तरच इंजिन लागतं."

"वर्षभर बसून खाणारा माणूस ऐनवेळी कामाला येत नसतो."

तरी गाडी घरात रुळली. मागच्या हौद्यात विजेचा प्लग-पॉइंट होता, त्यावर ठिणगी साइटवर ड्रिल चालवायची. एकदा गल्लीतली वीज सात तास गेली, तेव्हा गाडीतून वायर ओढून तिनं बाबांचं मशीन चालू ठेवलं. त्या दिवसापासून मिस्त्रींनी गाडीला नावं ठेवणं कमी केलं. पंधरा दिवसांतून एकदा ते खुर्ची टाकून बॉनेटपाशी बसत आणि इंजिन दहा मिनिटं चालवायला लावत. "पडून पडून पेट्रोल नासतं," म्हणत. पण धूर जरा जवळ आला की खोकल्याची उबळ यायची. म्हणून ठिणगीनं इंजिन आपोआप सुरू होण्याची सोय बंद करून टाकली होती. लागेल तेव्हा आपण बटण दाबू, असं तिनं ठरवलं.

मग एका सकाळी आतेभावाचा फोन आला. आत्या, म्हणजे मिस्त्रींची धाकटी बहीण, शेवटच्या अवस्थेत होती. डॉक्टरांनी आशा सोडली होती. "आई सारखं दादा, दादा करतेय," आतेभाऊ म्हणाला. "मामांना आणता आलं तर बघ."

बहीणभावांची अकरा वर्षं भेट नव्हती. आत्याचे यजमान मालाची गाडी चालवायचे. उतारावर ती कठड्यावरून खाली गेली आणि ते गेले. गाडी त्याच आठवड्यात मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये येऊन गेली होती. अंत्यविधी झाल्यावर आत्यानं एकच विचारलं होतं, "दादा, ब्रेक बघितले होतेस ना?" मिस्त्री हो म्हणाले आणि त्या घराची पायरी पुन्हा चढले नाहीत. बहिणीनं संशय घेतला याचं त्यांना वाईट वाटलं, असंच ठिणगी इतकी वर्षं समजत होती.

"जायचं का, बाबा?"

त्यांनी पाय खाली सोडून चाचपडलं. मग म्हणाले, "चपला कुठायत माझ्या?"

दुपारच्या आत निघायचं होतं. घाईत हौद्यातली केबलची दोन जड रिळं उतरवायची राहिली. मशीन बाबांच्या पायाशी ठेवलं, ऑक्सिजनचे दोन छोटे सिलिंडर जादा म्हणून मागे बांधले, थंडी होती म्हणून हीटर लावला. सपाट रस्त्यावर गाडी आवाज न करता पळत होती. तासाभरात बाबांची मान कलली. कित्येक रात्री त्यांना सलग झोप नव्हती. बसून बसून उजाडायचं.

घाट अजून दूर होता. चढाच्या तासभर आधी इंजिन सुरू करून बॅटरी राखून ठेवा, असं गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं. ठिणगीला ते पाठ होतं. तिचं बोट बटणापर्यंत गेलंही. पण मग तिनं त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. इंजिन लागलं की घरघर, वास, खोकला. अजून थोडं झोपू दे, म्हणून तिनं हात मागे घेतला. पुढच्या गावापाशीही घेतला. शेवटी घाटाचं पहिलं वळण आलं तेव्हा बटण दाबलं.

तोवर उशीर झाला होता. छोटं इंजिन वाटीनं ओतत होतं आणि चढ घागरीनं पीत होता. सहा किलोमीटरवर पडद्यावर पिवळं कासव उमटलं, म्हणजे बॅटरी संपत आल्याची खूण. गाडी सायकलच्या वेगानं सरपटू लागली, मागचे ट्रक हॉर्न देऊ लागले. एका वळणावर जरा रुंद जागा होती, तिथं तिनं गाडी बाजूला घेतली. आता इंजिन चालू ठेवून बॅटरी भरायची वाट बघण्यावाचून इलाज नव्हता. धूर आत येत होता, म्हणून बाबांना धरून खाली उतरवलं आणि वाऱ्याच्या बाजूला दगडावर घोंगडी टाकून बसवलं. नळी छोट्या सिलिंडरला जोडली.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "आधीच लावायला हवं होतं. तुम्ही झोपला होतात म्हणून..."

"मी जागा होतो."

ती त्यांच्यासमोर खाली बसली.

"बॅटरीचा काटा उतरताना दिसत होता मला," मिस्त्री म्हणाले. श्वासासाठी थांबत थांबत बोलत होते. "हे गाडं घाटात दम टाकणार, कळत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"जितका उशीर होईल तितका बरा, असं वाटत होतं." त्यांनी सिलिंडरच्या चावीवर हात ठेवला. "त्या गाडीचे मी पुढचेच ब्रेक बघितले होते, ठिणगी. मागची चाकं उघडलीच नाहीत. गिऱ्हाइकं खोळंबली होती. मेहुण्यांना म्हटलं, झालंय, घेऊन जा. धाकटीनं विचारलं तेव्हाही खोटंच बोललो."

ठिणगीनं त्यांच्या खांद्यावरची शाल नीट केली. मग फोन काढला. रेंज जेमतेम होती. आतेभावानं उचलला, म्हणाला, आईला श्वास लागलाय, बोलता येत नाही, पण ऐकू येतंय. त्यानं फोन आईच्या कानाला लावला.

मिस्त्रींनी फोन हातात घेतला. पलीकडून मोठा, अडखळता श्वास ऐकू येत होता. यांचाही तसाच. दोघं बहीणभाऊ एकमेकांचा श्वास ऐकत राहिले. मिस्त्रींचे ओठ दोनदा हलले.

"येतोय मी," ते म्हणाले. "धाकटे, येतोय."

आणि रेंज गेली.

पाऊण तासानं गाडी पुन्हा चढू लागली. आत्याच्या दाराशी पोचले तेव्हा चपलांची गर्दी होती. आतेभाऊ बाहेर आला. त्याला काही सांगावं लागलं नाही. आत्याला जाऊन वीस मिनिटं झाली होती.

बहिणीच्या उशाशी मिस्त्री बराच वेळ बसले. तिच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवत राहिले. ते काळे असतानाच त्यांनी शेवटचे पाहिले होते. माणसं पांगल्यावर त्यांनी आतेभावाला जवळ बसवून घेतलं आणि वळणावर लेकीला सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं. काही गाळलं नाही.

आतेभाऊ चाळिशीचा, शाळेत गणित शिकवणारा, मितभाषी. तो भिंतीकडे बघत ऐकत होता.

"तिला माहीत होतं का रे?" शेवटी मिस्त्रींनी विचारलं. "म्हणून बोलावत होती?"

"मला नाही माहीत, मामा. मला ती काही बोलली नाही."

तो उठून आत गेला. ठिणगीला वाटलं, आता हा जा म्हणून सांगणार. पण तो एक्स्टेंशन बोर्ड घेऊन आला, खाली बसून त्यानं मामाच्या मशीनची पिन लावली, बटण चालू झालंय ना बघितलं आणि निघून गेला.

तीन दिवस ते तिथं राहिले. आतेभाऊ कामापुरतं बोलायचा. निघताना तो गाडीपाशी आला.

"मामा, परत या असं आत्ताच म्हणवत नाही मला," तो म्हणाला. "पण फोन करत जा."

मिस्त्री दर रविवारी फोन करू लागले. काय बोलायचं ते आधी दोघांनाही सुचायचं नाही. हवा कशी आहे, औषध घेतलं का, एवढ्यावर संपायचं. पुढच्या हिवाळ्यात मिस्त्री गेले. आतेभाऊ आदल्या दिवशी येऊन पोचला होता. रात्रभर तो त्यांचा हात धरून बसला. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

पिकअप ठिणगीकडे अजून आहे. कामाला चांगली आहे, कुणी विचारलं तर ती तसंच सांगते. लांब जायचं असेल तर इंजिन आधीच लावा, एवढंही सांगते. का, ते सांगत नाही.