पहिली सवारी आईची

मी एक म्हातारी नाव बोलतेय. जरा हळू बोलेन. फार बोललं की फळ्या कुरकुरतात.

गेवराईकडच्या घाटावर निजामाच्या राज्यात माझा जन्म झाला. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. सागवानी फळ्या, सांध्यात काथ्या आणि राळ, मधोमध डोलकाठीला जाड शीड. बैल, कापसाची बोचकी, नारायणगडच्या जत्रेची माणसं, सगळ्यांना मी पार केलं. माणसं मोठी मजेशीर. चढताना नदीला हात जोडायची आणि उतरल्यावर माझ्याकडे वळूनही बघायची नाहीत.

धुळाजी माझा नावाडी. एका पुरात शिडाचा दोर तुटला, डोलकाठी कलली आणि धुळाजी पाण्यात गेला, तो वर आलाच नाही. दोर माझाच होता. ते ओझं अजून उतरलेलं नाही.

पुढे घाटावर नवी नाव आली. मग घाटावरच्या म्हाताऱ्या नावाड्यानं, सटवाबानं, मला ठिगळांचं शीड चढवून पोरांना नाव हाकायला शिकवण्यासाठी घेतलं. पंधरा वर्षं पोरांनी मला खडकावर आपटलं, वाळूत रुतवलं, भोवऱ्यासारखं फिरवलं. शिकायची ती, अंग मोडायचं माझं! सटवाबाचा नियम एकच: पोर तयार झालं की पहिली सवारी त्याच्या आईची. ती बसली नाही, तर पोर नावाडी नाही.

धुळाजीचा मुलगा आसाराम तयार झाला तेव्हा मी पार खिळखिळी झाले होते. त्याची आई चंद्रभागाबाई घाटावर आली आणि मला बघून जागीच थांबली.

"ह्या नावंत मी बसणार न्हाई. हिनं माझा मालक गिळला."

खरंच होतं ते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आसाराम खाली मान घालून म्हणाला, "मंग माझं कसं व्हायचं, आई?"

सटवाबा पुढं झाला. "चंद्रभागे, नाव लई थकली हाय. तू तिच्याकडं बघू नगं, पोराकडं बघून बस."

ती बसली, पण डोळे मिटून. ऐन धारेत माझा जुना सांधा उकलला आणि पाणी आत आलं. आसाराम वल्हं सोडून उपसायला वाकला. चंद्रभागाबाईनं डोळे उघडले, पदर टरकन फाडला, सांध्यात कोंबला आणि वर तळहात दाबून धरला.

"तू वल्हव. हिला मी बघते."

काठ येईपर्यंत तो हात हलला नाही. इतक्या वर्षांत मला असं कुणी धरलं नव्हतं.

त्यानंतर मी पाण्यात उतरले नाही. आता वाळूवर पालथी पडलेय. उद्या मला फोडणार आहेत. तक्रार नाही, फार थकलेय मी. फोडणाऱ्या बाबा, एवढंच कर: जिच्या सांध्यात लुगड्याची चिंधी आहे, ती फळी चंद्रभागाबाईच्या दारात नेऊन ठेव. तिचा माणूस काही मला परत देता येत नाही. तिनं ती चुलीत घातली, तरी माझं काही म्हणणं नाही.