केतकी डिमेलो

भुईगावात डिमेलो किती, ते खुद्द डिमेलोंनाही सांगता आलं नसतं. त्यात नावंही तीच ती, आजोबांचं नातवाला, आजीचं नातीला. एकाच आळीत चार सेलिन डिमेलो होत्या. एकीचं पत्र आलं की पोस्टमन ते पहिली दिसेल त्या सेलिनच्या हातात ठेवी, आणि बाकीच्या तिन्ही घरांत वाचून झाल्यावर ते खऱ्या मालकिणीकडे पोचे. मग गावानं आपली सोय करून घेतली होती. विहिरीवरची सेलिन, पाववाली सेलिन, तिरळी सेलिन. आणि इनासची बायको ती बदली सेलिन.

हे नाव तिला गावानं नव्हे, नवऱ्यानं दिलं होतं. इनास मुंबईला गिरणीत होता. कायमचा कामगार आला नाही की त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, त्या दिवसापुरता बदलीवाला उभा करतात, ही तिथली रीत. इनासची पहिली बायको रेजिना पोटातल्या बाळासकट गेली. तिच्या वर्षाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाली आणि दोन महिन्यांत सेलिन या घरात आली. लग्नाच्या मांडवात दोन पेले पोटात गेल्यावर इनास मित्रांना म्हणाला, "कायमची गेली, आता बदलीवर भागवायचा!" सगळा मांडव हसला. सेलिनही हसली. नव्या नवरीनं दुसरं काय करायचं?

तेव्हापासून सासू डेल्फिन तिला "ए बदली" अशीच हाक मारी. रागानं नव्हे, पाट्याला पाटा म्हणावं इतक्या सहज. रागानं मारली असती तर एखाद्या दिवशी उलटून बोलता तरी आलं असतं.

चौऱ्याहत्तर साली सेलिनला दिवस गेले आणि तिनं मनाशी पक्कं केलं. आपल्या पोरीला गावात कुणाचंच नसेल असं नाव ठेवायचं. एकमेव नाव असलं की टोपणनावाची गरजच नाही, आणि पोर कुणाच्या जागेवर आली असंही कुणी म्हणणार नाही. मुलगीच होणार हे तिनं धरूनच ठेवलं होतं. नावही ठरलं होतं. तिच्या माहेरी उमेळ्याला तळ्याकाठी केवड्याची बेटं होती, आणि शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं की केवड्याला पुस्तकात केतकी म्हणतात. मराठी नावांना आता चर्चचीही ना नव्हती. केतकी डिमेलो. चुलीपुढे बसून ती ते पुटपुटे आणि एकटीच हसे.

भीती होती ती सासूची. पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव, हा नेम. सेलिननं एका दुपारी मनाचा हिय्या करून विषय काढला. डेल्फिन वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "माजा नाव नकोच ठेवू. गावात डेल्फिन काय कमी हायेत?"

सेलिनला खरं वाटेना. त्या रात्रीच्या जेवणात तिनं पापलेटाचा मधला तुकडा सासूच्या ताटात वाढला. इतकी साधी बाई.

मुलगीच झाली. बाळंतिणीनं चाळीस दिवस उंबरा ओलांडायचा नाही, आणि बाप्तिस्मा तर तीन आठवड्यांच्या आत. म्हणजे आईनं घरी बसायचं, आणि बाळाला हातात धरून फादरना नाव सांगायचं ते मादरीननं, म्हणजे धर्ममातेनं. सेलिननं मादरीन केली ती शेजारच्या तेरेसाला. गावात तिला नुसतं सेलिन म्हणणारी ती एकटीच होती.

"काय सांगशील?" सेलिननं दारातच विचारलं.

"केतकी. दहा वेळा सांगून झाला गो!"

"आणि इनास, तुम्ही फादरना आधीच सांगून ठेवलंय ना?"

"सांगितलाय," म्हणत इनास कोटाची बटणं लावत राहिला.

घंटा वाजली. सेलिननं बाळाच्या दुपट्यांची घडी केली, उघडली, पुन्हा घडी केली. तासाभरानं मंडळी परतली. तेरेसा आत न येताच आपल्या घरी वळली. डेल्फिननं बाळ सेलिनच्या मांडीवर ठेवलं. सासूचे डोळे ओले होते आणि चेहरा उजळला होता. सेलिननं तिला इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं.

"घे. माजी रेजिना आली परत."

पहिली सून डेल्फिनच्या सख्ख्या भावाची लेक होती. तेरेसानं केतकी म्हटलं होतं, पण हळू. फादरना ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा मागून डेल्फिन बोलली, इनासनं "हो, रेजिना" म्हटलं, आणि तेरेसा गप्प राहिली. चर्चच्या वहीत रेजिना डिमेलो लिहून झालं होतं.

"बदलीला पोर झाली, पन नाव कायमचीचा लागला," इनास म्हणाला आणि पाहुण्यांना पेले भरायला गेला.

सेलिन रडली नाही. तिनं चोरून सुरुवात केली. दूध पाजताना, न्हाऊ घालताना, वाडीत केळीला पाणी सोडताना, आजूबाजूला कुणी नाही हे बघून ती पोरीच्या कानाशी लागे, "केतकी. माझी केतकी." पोर ओ देऊ लागली. दोन वर्षं सेलिन त्या एका शब्दावर जगली.

मग आला मृतांचा दिवस, दोन नोव्हेंबर. सगळा गाव कबरस्तानात. पहिल्या रेजिनाच्या कबरीवर झेंडूच्या माळा, आणि शेजारी त्या रेजिनाची आई मेणबत्त्या घेऊन उभी. तिनं पोरीला जवळ ओढलं. "नाव काय गो तुजा, बाय?"

"केतकी," पोर खणखणीत म्हणाली.

माणसं वळून बघू लागली. डेल्फिनचा आवाज चढला. "कोनी शिकवला तुला?"

पोरीनं सेलिनकडे बोट दाखवलं. घरात सगळे आईला ज्या नावानं हाक मारत, तेच नाव तिलाही येत होतं. ती म्हणाली, "बदलीनी."

आधी इनास हसला, मग सगळे. रेजिनाची आईसुद्धा डोळे पुसता पुसता हसली. पोरीला वाटलं आपण काहीतरी छान केलं, म्हणून तीही टाळ्या वाजवून हसायला लागली.

या वेळी सेलिन हसली नाही. ती खाली बसली आणि पोरीचा दंड घट्ट धरला.

"तुझं नाव रेजिना. सांग."

"केतकी."

सेलिननं तिच्या थोबाडीत मारली. पोर कळवळली, तरी केतकीच म्हणाली. सेलिननं पुन्हा मारली, बोटं उठतील अशी. हसणं थांबलं होतं. "जाऊ दे गो," कुणीतरी म्हणालं, पण पुढे कुणी झालं नाही. तिसऱ्यांदा हात उगारला तेव्हा पोर हुंदके देत म्हणाली, "लेजिना."

डेल्फिननं तिला उचलून घेतलं, पदरानं तिचं नाक पुसलं आणि तिच्या हातात मेणबत्ती दिली. त्यानंतर तिला केतकी म्हणून कुणी हाक मारली नाही, सेलिननंही नाही.