दिवाखोलीची भिंत

"काका, हात नका लावू!" यतीन ओरडला. पण चंद्रशेखरांनी हात लावलाच. विटेचा दर्शनी पापुद्रा सुटून तळहातावर आला.

न्यू जर्सीतल्या जुन्या रेल्वे यार्डातली ही दिवाखोली. एकशे चाळीस वर्षांपूर्वी सिग्नलचे कंदील इथे पुसून, तेल भरून ठेवत. केवढीशी ती! पण बांधणाऱ्यांनी हात आखडला नव्हता. खिडक्यांना कमानी, वळचणीला कोरीव लाकडी झालर, वर ऐटबाज धुराडं.

दोन वर्षांपूर्वी भिंतीच्या दर्जा, म्हणजे विटांमधल्या फटी, भरताना म्हातारा गवंडी चुनाच वापरा म्हणून जीव तोडून सांगत होता. इथेच चाळीस वर्षं पूल बांधलेले चंद्रशेखर हसले. "सिमेंट भरा. पक्कं काम होऊ दे!" झालं! चुन्यातून बाहेर पडणारी ओल सिमेंटने कोंडली, दोन हिवाळे विटांतच गोठली आणि विटा फुटल्या. दर्जा मात्र जशाच्या तशा, मेल्या!

आता भिंतीला पोट आलं होतं आणि धुराडं दाराकडे झुकलं होतं. अकरा वाजता मराठी शाळेची बावीस मुलं आत जाणार होती. पावणेअकरा झाले होते.

"मुलांना आत नको सोडायला," चंद्रशेखर म्हणाले.

"ऑफकोर्स! टूर कॅन्सल करतो," पिस्कॅटवेहून दर रविवारी मदतीला येणारा यतीन म्हणाला. "पण काका, थंडीने झालं म्हणा ना. कोण चेक करतंय यार!"

चंद्रशेखरांना ते क्षणभर फार बरं वाटलं. पण शेजारच्या, रूळ बदलणाऱ्या सांधेवाल्याच्या खोलीत उद्यापासून तेच सिमेंट भरलं जाणार होतं, त्यांच्याच सांगण्यावरून. गप्प बसले तर तीही जाणार. आणि बोलले तर? मराठी मंडळात, हे यार्ड जपणाऱ्या ट्रस्टमध्ये, चारचौघांत कुठल्या तोंडाने उभं राहायचं? त्यांना खरंच भीती वाटली, लहान मुलाला वाटते तशी.

तेवढ्यात गाड्या आल्याच. मुलं खिदळत दाराकडे धावली. चंद्रशेखर दोन्ही हात पसरून आडवे उभे राहिले. "मागे व्हा! सगळे मागे!"

मुलं दचकून थांबली. मागून शाळेच्या नेत्राताई आणि पालक आले.

"अगंबाई, भिंतीला काय झालं?" नेत्राताईंनी विचारलं.

"हू ब्रोक इट, आजोबा?" पुढची एक चिमुरडी म्हणाली.

यतीन काहीतरी बोलणार होता. चंद्रशेखरांनी त्याला हातानेच थांबवलं.

"मी," ते म्हणाले. पण ते फक्त पुढच्या मुलांनाच ऐकू गेलं. मग त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा सांगितलं.